वाचणं

गौरी आणल्या त्या दिवशी धाकटीच्या हातावरचा डाग मी पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडे उभ्याच्या गौरी असतात. साड्या आम्ही दोघी जावा नेसवतो. ज्येष्ठेला मी आणि कनिष्ठेला ती, असं कुणी ठरवून दिलेलं नाही, पण ती या घरात आल्यापासून तसंच चालत आलंय. मी निऱ्या घालत होते, तिने त्या धरायला हात पुढे केला, आणि कोपराच्या खाली आतल्या बाजूला जुन्या रुपयाएवढा जांभळा डाग दिसला.

"कुठे आपटलीस गं?"

"काय माहीत, ताई. परात लागली असेल."

मग आम्ही पिना लावायला घेतल्या. तारीख ३ सप्टेंबर २०२२. कोविडची दोन वर्षं दारं लावून काढल्यावर आलेला तो पहिला मोकळा गणेशोत्सव. गल्लीच्या टोकाला ढोल वाजत होते, घरात हळदीकुंकवाची रीघ. दुसऱ्या दिवशी पुरण वाटता वाटता ती स्वयंपाकघरातच खाली बसली. "दम लागतोय," म्हणाली. तेव्हा तिचा चेहरा नीट पाहिला. फिकट आणि जरासा पिवळा. पायावर नडगीपाशी बारीक लाल टिपके होते, पण ते घामोळं असेल असं आई म्हणाल्या आणि मलाही ते पटलं. सणाच्या धावपळीत बाईचं दुखणं कसं मागे पडतं, ते मी आता पुन्हा होऊ देणार नाही.

सोमवारी सकाळी गौरी-गणपती पाण्यात गेले आणि दुपारी तिचं रक्त तपासायला गेलं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. प्लेटलेट १९ हजार.

पुण्यात भाद्रपदात हा आकडा ऐकला की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. पाऊस उघडझाप करत असतो, कुंड्यांच्या बशांत पाणी साचलेलं असतं, आणि प्रत्येक सोसायटीत कुणीतरी डेंग्यूने आडवं असतं. "पांढऱ्या पेशी कमी झाल्यात," असं आपण म्हणतो. खरं तर त्या पांढऱ्या पेशी नव्हेत. प्लेटलेट, म्हणजे रक्तपट्टिका, वेगळ्या. त्या दीड लाख ते साडेचार लाखांच्या मध्ये असाव्यात. पण शब्द चुकला तरी भीती सगळ्यांना बरोबर कळते. तासाभरात शेजारून पपईच्या पानांचा रस आला, कुणी किवी आणली, कुणी बकरीच्या दुधाची व्यवस्था करतो म्हणालं. धाकट्या दिरांनी तिला जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात दाखल केलं. तिथे सलाईन लागलं, आणि प्लेटलेट आणखी उतरल्या तर एसडीपी लागेल, एका दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेटची पिशवी, तर बी पॉझिटिव्ह माणसं तयार ठेवा, असं सांगितलं गेलं. रात्री दहापर्यंत दिरांच्या ऑफिसातली पाच मुलं तयार होती. माझ्या मनात आलं, आता काही काळजी नाही.

डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली होती. "पहिल्या दिवसांत येते कधीकधी," असं कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही ते धरून ठेवलं. त्या हॉस्पिटलला मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर जो आकडा होता तो शहरात त्या आठवड्यात शेकडो लोकांचा होता. पण एक गोष्ट त्या कागदावर तेव्हाही छापलेली होती, आणि ती वाचायची आम्हा कुणालाच माहीत नव्हती. तिचं हिमोग्लोबिन ७.९ होतं. जूनमध्ये ऑफिसच्या तपासणीत ते ११.८ होतं. जोराच्या डेंग्यूत रक्तातला पातळ भाग रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतो, रक्त उलट दाट होतं. इथे तर लाल पेशीच कुठेतरी नाहीशा होत होत्या. आणि तिच्या अंगातून बाहेर एक थेंबही गेला नव्हता.

मंगळवारी सकाळी मी तिच्यापाशी होते. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, देव्हाऱ्यातून पाणी दे ना."

मला वाटलं, झोपेत आहे. "काय हवंय?"

तिने स्टुलावरच्या फुलपात्राकडे बोट केलं. "तो देव्हारा. तो गं." शब्द चुकतोय हे तिला कळत होतं, कारण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वीसेक मिनिटांनी ती पुन्हा नीट बोलू लागली, जणू मधे काही घडलंच नाही. सिस्टर म्हणाल्या, अशक्तपणाने होतं. मी दाराबाहेर येऊन भिंतीला टेकले. माझ्या हातात ते फुलपात्र तसंच होतं.

आणि त्याच सुमारास, तिथून दोन-अडीच किलोमीटरवर, एका लॅबमध्ये एक डॉक्टर बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या.

त्यांना मी पुढे महिनाभराने मुद्दाम भेटायला गेले, म्हणून हे सांगू शकते. मशीन रक्तपेशी मोजतं, पण प्लेटलेट इतक्या कमी आल्या की नियमाप्रमाणे काच बघायची असते. कधी नळीतच प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. मग आकडा खोटा कमी येतो. ते तपासायला रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने तो पातळ ओढायचा, रंग द्यायचा आणि डोळ्यांनी बघायचा. याला स्मिअर म्हणतात. डॉक्टर बाई गुठळ्याच शोधत होत्या. गुठळ्या नव्हत्या. पण लाल पेशी, ज्या गोल असायला हव्यात, त्या फाटलेल्या होत्या. काही त्रिकोणी, काही हेल्मेटसारख्या अर्ध्या, काहींना दोन टोकं. अशा तुकड्यांना शिस्टोसाइट म्हणतात. त्यांनी रिपोर्ट टाइप व्हायची वाट पाहिली नाही. कागदावरचा नंबर शोधून हॉस्पिटलात फोन लावला आणि म्हणाल्या, हा डेंग्यू नसावा. प्लेटलेट चढवू नका. हिला आत्ता हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्तविकारांच्या डॉक्टरकडे, हलवा.

ऑफिसातला एक मुलगा तेव्हा प्लेटलेट द्यायला रक्तपेढीच्या दारात पोचला होता.

दुपारी ती मोठ्या हॉस्पिटलात होती. हिमॅटॉलॉजिस्ट बाई आमच्याहून वयाने लहान. त्यांनी दोन-चार प्रश्न विचारले, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, लघवीचा रंग विचारला. कोकमाच्या पाण्यासारखा, मी म्हटलं. बोलण्याचा घोळ झाला होता का, हे त्यांनी आपणहून विचारलं. मी फुलपात्राचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं.

टीटीपी. थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक परप्युरा. दहा लाखांत वर्षाला दोन-चार जणांना होणारा आजार, त्यातही बायकांना जास्त. उपचार न झाल्यास दहापैकी नऊ जण जातात. हे त्यांनी लपवलं नाही. उपचार झाल्यास बहुतेक जण वाचतात, हेही त्याच दमात सांगितलं, आणि मग एका रिकाम्या फॉर्मच्या मागे चित्र काढून दाखवलं.

आपल्या रक्तात एक लांब दोऱ्यासारखं प्रथिन असतं, फॉन विलेब्रांड फॅक्टर. १९२६ मध्ये ज्या फिनिश डॉक्टरांनी रक्तस्रावाच्या एका आजाराचं वर्णन केलं, त्यांचं नाव त्याला मिळालं. कुठे जखम झाली की हा दोरा तिथे पसरतो आणि प्लेटलेट त्याला चिकटून भोक बुजवतात. शरीर हा दोरा लांबच लांब विणतं, आणि तो बेतात कापून ठेवायला एक कात्री असते. ॲडॅम्ट्स-१३ नावाचं विकर. धाकटीच्या शरीराने या कात्रीविरुद्धच अँटिबॉडी तयार केल्या होत्या. कात्री नाही, तर दोरे तसेच लांब राहिले. जखम कुठेही नसताना प्लेटलेट त्यांना चिकटत गेल्या आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ लागल्या. प्लेटलेट कमी झाल्या नव्हत्या, त्या खर्ची पडत होत्या. म्हणून कातडीवर रक्त साकळतंय आणि आत मात्र रक्त गोठतंय. नव्या प्लेटलेट चढवल्या, तर त्याही त्याच दोऱ्यांना जाऊन चिकटण्याची भीती.

"आणि लाल पेशी?" दिरांनी विचारलं.

"संक्रांतीला नायलॉनच्या मांज्यात पाखरं सापडतात ना, तशा," त्या म्हणाल्या. "त्या दोऱ्यांतून जोरात वाहताना कापल्या जातात."

दीर उठून खिडकीपाशी गेले.

खात्री करणारी तपासणी म्हणजे ॲडॅम्ट्स-१३ किती काम करतंय ते मोजणं. तिचा निकाल यायला काही दिवस जाणार होते आणि तेवढे दिवस हातात नव्हते. मग डॉक्टरांनी सात प्रश्नांचा एक हिशेब मांडला. २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा हिशेब जगभर वापरतात. प्लेटलेट तीस हजारांच्या खाली आहेत का, लाल पेशी फुटतायत का, कर्करोग नाही ना, अवयव किंवा मूळपेशी रोपण झालेलं नाही ना, पेशींचा आकार, रक्त गोठण्याची वेळ, आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा. धाकटीला सातपैकी सात. तपासणीचं रक्त आधी काढून ठेवलं, कारण एकदा दुसऱ्यांचा प्लाझ्मा चढला की तो निकाल गढूळ होतो. आणि निकालाची वाट न पाहता त्याच रात्री उपचार सुरू करायचे ठरले.

फॉर्मवर सही करताना तिथल्या मुलाने विचारलं, "पेशंटच्या तुम्ही कोण?" दिरांचा हात इतका थरथरत होता की साक्षीदार म्हणून मी सही करत होते. "मोठी जाऊ," मी म्हटलं. फॉर्मवर तसं नातं लिहायला जागा नव्हती. त्याने 'नातेवाईक' लिहिलं.

प्लाझ्मा म्हटल्यावर घरी सगळ्यांना कोविडचे दिवस आठवले. तेव्हा बरं झालेल्यांचा प्लाझ्मा मिळवायला लोक रात्र रात्र फोन करत होते, आणि पुढे मे २०२१ मध्ये त्याचा उपयोग होत नाही म्हणून तो उपचार बंद झाला. त्यामुळे आईंना वाटलं, पुन्हा तेच. हे तसं नाही हे त्यांना समजावायला मला दोन फोन करावे लागले. इथे मानेच्या शिरेत जाड नळी घालतात. रक्त मशीनमध्ये जातं, गरगर फिरून पेशी आणि प्लाझ्मा वेगळे होतात. पेशी तिच्या तिला परत. तिचा प्लाझ्मा, ज्यात त्या अँटिबॉडी आहेत, तो टाकून द्यायचा, आणि त्याच्या जागी दात्यांचा प्लाझ्मा घालायचा, ज्यात कात्री आहे. एकाच वेळी वाईट बाहेर आणि चांगलं आत. याला प्लाझ्मा एक्स्चेंज म्हणतात. नुसता प्लाझ्मा चढवण्यापेक्षा असा बदलला तर जास्त माणसं वाचतात, हे कॅनडातल्या १०२ रुग्णांच्या अभ्यासाने १९९१ मध्ये दाखवलं: सहा महिन्यांनी एका गटात ७८ टक्के जिवंत होते, दुसऱ्यात ६३. हे आकडे मी त्या रात्री बाकावर बसून मोबाइलवर वाचले. १५ टक्क्यांचा फरक. त्या पंधरांत कुणीतरी कुणाची तरी धाकटी असणार.

त्याच रात्री आणखी एक वाचलं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एली मॉस्कोविट्झ नावाच्या डॉक्टरांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. १६ वर्षांची मुलगी, त्याआधी ठणठणीत. ताप आला, अशक्तपणा आला, एक बाजू लुळी पडली, आणि दोन आठवड्यांच्या आत ती गेली. शवविच्छेदनात तिच्या बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजलेल्या दिसल्या. का बुजल्या, याचं उत्तर मिळायला पाऊण शतक जावं लागलं. १९८२ मध्ये जोएल मोक यांना अशा रुग्णांच्या रक्तात ते जास्तीचे लांब दोरे सापडले, १९९८ मध्ये कात्रीविरुद्धच्या अँटिबॉडी कळल्या, २००१ मध्ये त्या कात्रीचं जनुक हाती लागलं. त्या मुलीचं नाव मला कुठे मिळालं नाही. वर्णन लिहिणाऱ्याचं नाव राहतं. मी अजूनही गौरीच्या दिवशी तिची आठवण काढते.

एका वेळच्या एक्स्चेंजला प्लाझ्माच्या तेरा-चौदा पिशव्या लागायच्या. रोज. रविवार नाही, सण नाही. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह. लहानपणापासून ऐकत आले की ओ सगळ्यांना चालतं, आणि त्या भरवशावर मी रक्तपेढीत जाऊन हात पुढे केला. खिडकीतल्या ताईंनी समजावलं की ते लाल पेशींचं. प्लाझ्माचा न्याय उलटा. ओ गटाच्या प्लाझ्मामध्ये ए आणि बी दोन्हींविरुद्धच्या अँटिबॉडी असतात, तो बी गटाच्या माणसाला चालत नाही. प्लाझ्मामध्ये सगळ्यांना चालणारा गट एबी. मी तिथेच उभी राहिले. मग त्या म्हणाल्या, "तुमचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे ना? मग द्या की. तिला नाही, तर दुसऱ्या कुणाला." मी दिलं. पिशवी भरताना छताकडे बघत पडले होते आणि किती दिवसांनी पहिल्यांदा रडले.

त्या ताईंबद्दल आणखी सांगायलाच हवं. ८ तारखेला संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी अर्ज केला नव्हता, विनंती केली नव्हती. "उद्या अनंत चतुर्दशी. लक्ष्मी रोड, टिळक रोड बंद असतील, मिरवणूक परवापर्यंत चालेल. तुमच्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीशी मी बोललेय, दोन दिवसांच्या पिशव्या आज रात्रीच हलवून घ्या. त्यांच्या फ्रीजरला जागा आहे." दीर खोकी घेऊन रात्री अकराला निघाले, आणि दुसऱ्या दिवशी सगळं शहर रस्त्यावर असताना, खिडकीतून ढोलांचा आवाज येत असताना, धाकटीचं चौथं एक्स्चेंज वेळेवर झालं. त्या बाईंना रुग्ण म्हणजे एक फॉर्म होता. तरी त्यांनी कॅलेंडर पाहिलं.

प्लाझ्मा उणे १८ अंशांखाली गोठवला की वर्षभर टिकतो. वापरायच्या आधी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, लाल पेशी महिना-सव्वा महिना, पण प्लाझ्मा वर्षभर थांबून राहतो. हे मला आधी माहीत असतं तरी त्यात काही विशेष वाटलं नसतं. ते मला पिशव्यांवरून कळलं.

अफेरेसिसच्या, म्हणजे एक्स्चेंजच्या मशीनच्या, खोलीत एका नातेवाइकाला बसू देत. फुलपात्राच्या प्रसंगापासून माझ्या मनाने घेतलं होतं की तिला सतत बोलतं ठेवायचं. शब्द निसटायला लागले तर मला लगेच कळायला हवं. पण थकलेल्या माणसाशी काय बोलणार? तिच्या समोर स्टँडला पिशवी लटकलेली असायची. पिशवी लावण्याआधी दोन सिस्टर नंबर मोठ्याने वाचून ताडून बघायच्या. त्यांचं झालं की मी म्हणायचे, "आता तू वाच." ती गट वाचायची, आणि रक्त घेतल्याची तारीख.

"बी पॉझिटिव्ह. एकोणीस फेब्रुवारी."

पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तारीख आली. मग पंधरा ऑगस्ट. मग चौदा एप्रिल, सलग तीन पिशव्या. एक मे. सव्वीस जानेवारी. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, ओठ जेमतेम हलवत, "ताई, ही शिवजयंती आहे." आणि थोड्या वेळाने, "आणि ही आंबेडकर जयंती."

मंडळांची रक्तदान शिबिरं. चौकात मांडव, लोखंडी खाटा, बिस्किटाचा पुडा, प्रमाणपत्र, मागे लावलेली गाणी. त्या मांडवांना वळसा घालून मी किती वेळा भाजी आणायला गेले असेन. फेब्रुवारीत कुठल्या तरी चौकात कुणी बाही वर करून आडवा झाला, आणि त्याच्या रक्तातला हा पिवळा भाग सात महिने थंडीत थांबून आता माझ्या जावेच्या मानेतल्या नळीतून आत जात होता. मी वहीच्या मागच्या पानांवर तारखा लिहून ठेवायला सुरुवात केली. पुढच्या पानांवर प्लेटलेट, मागच्या पानांवर तारखा.

पुढची पानं अशी: ११ हजार, ९ हजार, १६ हजार, २४ हजार. मग ५१, ८८. घरी फोन केला तेव्हा आईंनी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी ६३. मी तो आकडा दिरांना दुपारपर्यंत सांगितला नाही.

त्या दहा दिवसांत सगळंच सुरळीत नव्हतं. पिशव्यांत रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटने रक्तातलं कॅल्शियम उतरतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. मग कॅल्शियम लावायचं. एकदा एका पिशवीनंतर अंगभर गांधी उठल्या, मशीन थांबवावं लागलं. स्टेरॉइडने तिला झोप येईना, रात्री दोनला ती मुलाचं वह्यांचं कव्हर घालायचं राहिलंय म्हणून उठून बसायची. मुलगा सहा वर्षांचा. त्याला आम्ही सांगितलं होतं, आईचं रक्त धुवायला दिलंय. त्याने विचारलं, वाळायला किती दिवस लागतील?

१० तारखेला तपासणीचा निकाल आला. कात्रीचं काम दहा टक्क्यांच्या खाली असलं की निदान पक्कं; तिचं पाचाच्याही खाली होतं, आणि अँटिबॉडी होत्या. त्याच संध्याकाळी रिटुक्सिमॅबचा पहिला डोस दिला. अँटिबॉडी तयार करणाऱ्या बी पेशींनाच ते औषध काढून टाकतं. आधी कावीळ ब ची तपासणी करून घेतात, कारण जुना विषाणू दबून बसलेला असला तर या औषधाने उठू शकतो. आणि डोस एक्स्चेंज संपल्यावरच द्यायचा, पुढचं एक्स्चेंज होईल तितकं लांबवायचं, नाहीतर दिलेलं औषध त्या टाकलेल्या प्लाझ्माबरोबर वाहून जाईल. या औषधाची भारतीय आवृत्ती २००७ मध्ये हैदराबादच्या एका कंपनीने आणली. मूळ परदेशी औषधाच्या भावात आमचे चार डोस झाले असते की नाही, मला शंका आहे. याहून नवं, कॅप्लासिझुमॅब नावाचं औषध आहे. ते त्या लांब दोऱ्याला झाकून टाकतं, म्हणजे प्लेटलेट चिकटतच नाहीत. उंटाच्या कुळातल्या प्राण्यांच्या रक्तात सापडणाऱ्या छोट्या अँटिबॉडींवरून ते बनवलं आहे. युरोपात २०१८ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. आमच्या उपचारांत ते नव्हतं. ते इथल्या साध्या माणसाच्या आवाक्यात यावं असं मला फार वाटतं, आणि हे वाटणं मी प्रत्येक भेटीत डॉक्टरांना बोलून दाखवते.

१३ तारखेला १ लाख ४ हजार. १४ ला १ लाख ५८ हजार. १५ ला १ लाख ८२ हजार, आणि एलडीएच, जे पेशी फुटल्या की वाढतं, तेही खाली. त्या दिवशी दहावं एक्स्चेंज करून मशीन बंद केलं. एकूण पिशव्या १३१. वहीच्या मागच्या पानांवर १३१ तारखा आहेत.

घरी आल्यावर मी ती वही लॅबच्या डॉक्टर बाईंना दाखवायला नेली. त्यांनी मला ती काच दाखवली. सूक्ष्मदर्शकातून बघायची मला सवय नाही, आधी माझ्याच पापण्या दिसत होत्या. मग गुलाबी गोल दिसायला लागले आणि त्यांच्यामधे एक अर्धवट, कडेने फाटलेली पेशी. ती धाकटीची होती. गौरी पाण्यात गेल्या त्या दिवशीची. मी बराच वेळ डोळा काढला नाही. त्या म्हणाल्या की दिवसाला इतक्या काचा असतात, त्यांतली एखादीच अशी निघते. मी विचारलं, त्या दिवशी बघायची राहिली असती तर? त्यांनी उत्तर दिलं नाही, चहा मागवला.

म्हणून आता ओळखीपाळखीत कुणाच्या प्लेटलेट उतरल्याचं कळलं की मी विचारते: हिमोग्लोबिन किती आहे? स्मिअर कुणी डोळ्यांनी पाहिलाय का? लोकांना ते आगाऊपणाचं वाटत असेल. बहुतेक वेळा तो डेंग्यूच असतो आणि माणूस आठवड्यात बरा होतो, याचा मला दर वेळी आनंद होतो. पण मी विचारायचं सोडणार नाही.

टीटीपी परत येऊ शकतो. म्हणून दर तीन महिन्यांनी धाकटीच्या कात्रीची मोजणी होते. पहिल्या वर्षी ७२ टक्के, ८०, ७६. मग हळूहळू ५५, ४०. या जुलैत १८ आली. तिला काहीही होत नव्हतं. डाग नाही, थकवा नाही, प्लेटलेट अडीच लाख. पण डॉक्टर म्हणाल्या, डाग दिसायची वाट बघायची नाही, आत्ताच रिटुक्सिमॅब देऊ. आकडा वाचून आजाराच्या आधी पोचायचं, हे पूर्वी शक्यच नव्हतं.

सकाळी आठला आम्ही दोघी डे केअरला गेलो. औषध थेंबाथेंबाने चढायला सहा तास लागले. मी स्वेटर विणत बसले, ती मुलाच्या शाळेचे मेसेज वाचत होती. या वेळी तिच्या स्टँडला पिवळी पिशवी नव्हती. तरी मधे एकदा तिने वर पाहिलं आणि माझ्याकडे पाहून हसली.

परत येताना पाऊस. रिक्षा म्हात्रे पूल ओलांडून सेनादत्त चौकीपाशी सिग्नलला थांबली. मी तिच्याकडे बघत होते, तिच्या ते लक्षात आलं असावं. ती काही बोलली नाही. पडदा थोडा बाजूला करून बाहेर बघायला लागली, आणि मग माझ्याकडे न बघताच मोठ्याने सुरू झाली.

"पिठाची गिरणी. सायकल दुरुस्ती. झेरॉक्स, लॅमिनेशन."

रिक्षा सदाशिव पेठेत वळली.

"अभ्यासिका, जागा शिल्लक. मुलींसाठी कॉट बेसिसवर. येथे उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे." जरा थांबली. "गौरींच्या साड्या, नवीन माल."

"थांबवू का रिक्षा?" मी विचारलं.

"थांबव ना, ताई. कनिष्ठेची मागच्या वर्षीचीच झालीये."